मृगाच्या आधीची कामं

पहाटे साडेपाच

नळाची कामं पंप सुरू व्हायच्या आधी उरकायची. नारायणगावात आमच्या इमारतीचा पंप साडेसहाला लागतो आणि मग तासभर सगळ्यांची एकच घाई असते. त्याआधी पाणी बंद केलं तर कुणाचा खोळंबा होत नाही. घरातल्या प्रत्येक दुरुस्तीची आपली एक वेळ असते, आणि ती साधली की निम्मं काम झालंच. आज जूनचा पहिला आठवडा. मृग तोंडावर आलाय, त्यामुळे सगळीच कामं एका दिवसात अंगावर आली आहेत.

पहिला न्हाणीघरातला नळ. रात्री त्याच्याखाली पेला ठेवला होता, तो पाव तासात भरला. २०० मिलिलिटरचा पेला पाव तासाला, म्हणजे दिवसाला १९ लिटर पाणी. येडगावचं धरण उशाशी असूनही उन्हाळ्याच्या शेवटी इथे घरोघरी पाण्याची काळजी असते, आणि एवढं पाणी रोज मोरीत जातंय.

घराचा मुख्य कॉक बंद करते. नळ उघडून पाइपात उरलेलं पाणी जाऊ देते. मोरीच्या जाळीवर फडकं पसरते, कारण निसटलेला स्क्रू नेमका तिथूनच जातो. पान्याच्या जबड्यात जुन्या सुती कापडाची घडी धरली की नळावर ओरखडा उठत नाही. जुन्या घडणीच्या नळात आतल्या दांड्याच्या टोकाला रबरी वायसर असतो. तो चेपून कडक झाला की नळ कितीही आवळा, थेंब थांबत नाही. उलट जोर लावून लावून आटे जातात. नवा वायसर बसवायच्या आधी तो जिथे टेकतो ती पितळी कड बोटाने चाचपून बघायची. तिथे पांढरा खर बसला असेल तर नवा वायसरही थोड्याच दिवसांत गळणार.

खर इथे सगळीकडेच. उन्हाळाभर आम्ही बोअरच्या पाण्यावर असतो. काळ्या दगडाच्या फटींतून येताना ते कॅल्शियमचे क्षार घेऊन येतं. नळाच्या तोंडाची जाळी, शॉवर, गीझरची कॉइल, सगळ्यांना त्याची पुटं चढतात. त्यावर उपाय किराणा दुकानात मिळणारं लिंबूसत्त्व. पेलाभर कोमट पाण्यात चमचाभर टाकायचं आणि जाळी त्यात तासभर बुडवून ठेवायची. खर फेसाळून निघून जातो. मात्र हे पाणी कडाप्प्याच्या ओट्यावर किंवा शहाबादी फरशीवर सांडू द्यायचं नाही. ते दोन्ही चुनखडीचेच दगड. जे आम्ल नळाचा खर खातं, तेच ओट्याची झिलई खातं. ग्रॅनाइटला तेवढी भीती नाही. आणि कुठलंही आम्ल ब्लीचिंग पावडरीसोबत कधीही वापरायचं नाही. त्यातून क्लोरीन वायू निघतो, आणि बंद न्हाणीघरात तो जिवावर बेततो.

आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळायची ती नळ ज्या दिशेने आवळला जाणार त्याच दिशेने. उलटी गुंडाळली तर नळ फिरवताना ती सुटत जाते. आठ-दहा वेढे पुरतात. सव्वासहाला कॉक उघडला. थेंब थांबला.

सात

गच्ची. हे काम उन्हात करायचं नाही. तापलेल्या स्लॅबवर कोटिंग ओढलं तर ते वरून सुकतं, आतून कच्चं राहतं आणि फुगे धरतं. म्हणून पहिला हात सकाळी आणि दुसरा संध्याकाळी, मधलं ऊन टाळून.

गळतीच्या तक्रारीत लोक आधी भेग शोधतात. मी आधी पाण्याची वाट शोधते. पावसाळी पाइपाच्या तोंडाशी पिंपळाची पानं, कबुतराची पिसं आणि कुणीतरी वाळत घातलेल्या कुरड्यांचा चुरा साचलेला असतो. पाणी तिथे अडलं की गच्चीवर तळं होतं, आणि मग केसाएवढी भेगही पुरते. उताराचा हिशेब सोपा आहे. दहा फुटांना सव्वा इंच. गच्चीवर बादलीभर पाणी ओतून ते कुठे जातं हे बघितलं की उतार कुठे बसलाय ते कळतं.

शाळेत विज्ञान शिकवत असताना मुलांना शिवनेरीवर, लेण्याद्रीला, नाणेघाटात न्यायचे, तेव्हा कातळात कोरलेली टाकी आवर्जून दाखवायचे. पाणी साठवायचं तिथे ते नेमकं साठवलंय. आपल्याला गच्चीवर त्याच्या उलट करायचंय, पण निरीक्षण तेच लागतं. पाऊस कुठून येतो, कुठे टेकतो, कुठे थांबतो.

भेग नुसती वरून लिंपली तर पहिल्या उन्हाळ्यात पापुद्रा सुटतो. छिन्नीने ती व्ही आकारात थोडी रुंद करायची, तारेच्या ब्रशने धूळ काढायची, पाणी मारून ओलसर करायची आणि मग पॉलिमर मिसळलेलं सिमेंट दाबून भरायचं. भिंत आणि गच्ची जिथे मिळतात तो कोपरा सगळ्यात नाजूक. तिथे गोलाई काढायची. मग कोटिंगचा पहिला हात पूर्व-पश्चिम. खालच्या मजल्यावरचा कॉलेजात जाणारा मुलगा ब्रश घेऊन मदतीला आलाय. "बाई, दुसरा हात पण असाच मारायचा?" नाही, दुसरा दक्षिण-उत्तर. पहिल्या हातात सुटलेली बारीक छिद्रं आडव्या हातात बुजतात.

नऊ

स्वयंपाकघरातली कामं हात धुऊन, उजेडात. शेगडीची ज्योत पिवळी पडलीय, भांड्याचं बूड काळं होतंय. म्हणजे हवा कमी पडतेय. बर्नर गार झाल्यावर काढायचा, भोकं टाचणीने मोकळी करायची, धुऊन पूर्ण वाळवायचा आणि मगच बसवायचा. त्याच वेळी रबरी नळी बघून घ्यायची. तिच्यावर तारीख छापलेली असते. पाच वर्षं झाली की वरून कितीही चांगली दिसली तरी बदलायची. जोडांवर साबणाचा फेस लावायचा, बुडबुडा आला तर गळती आहे. काडी ओढून गळती बघणारे मी पाहिले आहेत. त्यांना मी हात धरून थांबवते. वास येत असेल तर रेग्युलेटर बंद, खिडक्या उघड्या, विजेच्या कुठल्याही बटणाला हात लावायचा नाही, आणि बाहेर जाऊन १९०६ ला फोन.

समोरच्या काकूंचा मिक्सर बंद पडला म्हणून त्या भांड्यासकट घेऊन आल्या. उलटा केला, बुडाशी असलेलं लाल बटण दाबलं, सुरू झाला. भार जास्त झाला की ते बटण आपणहून बाहेर येतं आणि मोटर वाचते. वाटणात पाणी घालून दोन वेळा थांबून फिरवा, एवढंच सांगितलं.

साडेदहा

हार्डवेअरचं दुकान. नियम एकच, जुना भाग खिशात घालून न्यायचा. "अर्धा इंची द्या" म्हटलं की दुकानदार पाच प्रकारचे काढून ठेवतो. काढलेला स्पिंडल समोर ठेवला की त्याचे दाते, लांबी, आटे सगळं तिथल्या तिथे जुळतं. आज घेतलं ते असं: पंख्याचा कपॅसिटर, दाराच्या बिजागरीचे पाऊण इंची स्क्रू, ऑइल पेंटचा लहान डबा, तळमजल्यासाठी एलईडी दिवा. तिथून थेट मंचरची एसटी.

बारा

धाकटी बहीण मंचरला राहते. तिच्या बाल्कनीचं दार दर पावसाळ्यात फुगतं. "ताई, सुताराला सांगून रंधा मारून घेऊ का?" या एका प्रश्नासाठी मी इतक्या लांब आले आहे. रंधा मारू नकोस. आत्ता दार कोरडं आहे, नीट लागतंय. पावसाळ्यात फुगलेलं असताना तासलं तर दिवाळीनंतर बोटभर फट पडते आणि थंडीत आंबेगावचा वारा सरळ आत.

दार ओल पितं कुठून, हे बघायला हवं. खिळा ठोकून बिजागरीच्या कांबी वर काढल्या, दोघींनी दार उतरवून आडवं केलं. खालची कड उघडी पडली. कच्चं, करडं लाकूड, त्यावर रंगाचा एक थेंबही नाही. वरची कडही तशीच. रंगारी दार जागेवर असताना रंगवतो, त्याला दिसतात त्या बाजू रंगतात. लाकडाच्या नळ्या उभ्या असतात, त्यांची तोंडं या दोन कडांना उघडतात आणि पाणी तिथूनच चढतं. काच कागद मारला, धूळ पुसली, ऑइल पेंटचा हात दिला. सुकेपर्यंत जेवण, मग दुसरा हात. बिजागरीचे स्क्रू ढिले होते. त्या भोकांत काडेपेटीच्या काड्या फेविकॉलमध्ये बुडवून ठोकल्या, वरचं टोक कापलं, मग नवे स्क्रू आवळले. आता पकड आली.

हॉलमधला पंखा जेमतेम फिरतोय. बेअरिंगचा आवाज नाही, हाताने ढकलला की मोकळा फिरतो, म्हणजे कपॅसिटर गेला. घरच्या पंख्याला बहुधा अडीच मायक्रोफॅरडचा लागतो. जुन्यावर छापलेलाच आकडा घ्यायचा, मोठा टाकून पंखा जास्त पळवायला जायचं नाही. काम करताना नुसतं बटण बंद करून भागत नाही, एमसीबी खाली पाडायचा. जुन्या वायरिंगमध्ये बटण कधी कधी न्यूट्रलवर बसवलेलं असतं. मग बटण बंद असूनही पंख्यात फेज जिवंत राहतो. टेस्टर लावून खात्री करायची, लाकडी स्टुलावर उभं राहायचं, आणि घरात दुसरं माणूस असल्याशिवाय या कामाला हात घालायचा नाही.

पंख्याच्या बटणातून तडतड येत होती. ते उघडलं तर वायरचा स्क्रू सैल. अशी ठिणगी वायर जाळते आणि रेडिओवर खरखरही आणते. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आकाशातून येणाऱ्या अतिक्षीण रेडिओलहरी टिपतात. विजेच्या तारांवरच्या अशा ठिणग्यांचा त्यांनाही उपद्रव होतो. २८ फेब्रुवारीच्या विज्ञानदिनाला तिथे गेलेल्या प्रत्येक मुलाला मी घरी जाऊन एक तरी तडतडणारं बटण दाखवायला सांगत असे. मीटरच्या आतलं आणि खांबावरचं काम मात्र आपलं नाही. त्यासाठी महावितरणचा १९१२.

साडेपाच

परत गच्ची. स्लॅब हाताला सोसेल इतका निवलाय. दुसरा हात दक्षिण-उत्तर. कोटिंग पुरतं वाळलं की पाइपाच्या तोंडात वाळूची पिशवी दाबून इंचभर पाणी दिवसभर कोंडायचं. खालच्या छतावर डाग उमटला नाही तर पावसाला खुशाल येऊ दे.

पहिल्या मजल्यावरच्या आजींनी बाल्कनीला प्लॅस्टिकचा कागद ताणून बांधलाय. वळिवाच्या पहिल्या झोडीत तो शिडासारखा फुगून दोऱ्यांसकट जाईल. खोडदच्या तबकड्यांत पत्रा नाही, तारांची जाळी आहे. ती दुर्बीण उभारणारे शास्त्रज्ञ डॉ. गोविंद स्वरूप यांनी त्या अशाच बांधून घेतल्या, म्हणजे वारा आरपार जातो आणि एवढा मोठा सांगाडा हलका ठेवता येतो. आजींच्या बाल्कनीलाही दाट विणीची हिरवी नेट लावली. पावसाचा मारा मोडतो, वारा जातो, आणि आजींना रस्ता दिसत राहतो. त्यांना तेच हवं होतं.

पावणेसात

अंधार पडायच्या आत तळमजला. मागे उसाचं शेत आहे. जुन्नर-आंबेगावात उसात बिबट्या असणं नवीन नाही. माणिकडोहचं बिबट निवारा केंद्र काय काम करतं हे इथल्या पोरासोरांना माहीत आहे. आपल्या हातात दोनच गोष्टी आहेत, उजेड आणि स्वच्छता. कचऱ्यावर कुत्री जमतात आणि कुत्र्यांमागे तो येतो. कचऱ्याच्या खोलीच्या दाराला कडी नव्हती, ती बसवली. दार आपणहून मिटावं म्हणून स्प्रिंग लावली. जिन्याखालचा कोपरा उजळेल असा दिवा टाकला. कुंपणालगत वाढलेली घाणेरी सकाळी काढायची ठरली, आत्ता तिथे हात घालायचा नाही.

साडेनऊ

वहीत नोंदी. गॅसची नळी कधीची, कपॅसिटर कधी बदलला, इन्व्हर्टरच्या बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर कधी भरलं. तेवढ्यात तिसऱ्या मजल्यावरून फोन, बेडरूमच्या भिंतीला ओल आलीय. मी विचारलं, वाढते कधी? पावसाळ्यातच का बारा महिने? बारा महिने. भिंतीपलीकडे काय? न्हाणीघर. मग गच्चीचा संबंध नाही, पाइपाचा किंवा फरशीच्या सांध्यांचा आहे. आत्ता प्लॅस्टिकची पिशवी कापून त्या डागावर चारी बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावा. उद्या पिशवीच्या आतून थेंब दिसले तर पाणी भिंतीतून येतंय, बाहेरून दिसले तर खोलीतला दमटपणा आहे. आणि रात्री न्हाणीघर वापरू नका, सकाळी साडेपाचला येते, पंप लागायच्या आधी.