कळलावीची बियांपासून लागवड

लांगली हे द्रव्य आपणां सर्वांच्या परिचयाचे आहे. कासीसादि तेलात ते पडते. गंडमाळेवर सांगितलेल्या निर्गुंडी तेलात तिच्याच मुळाचा कल्क आहे. भावप्रकाशाने तिची गणना सात उपविषांत केली आहे आणि औषध नियम, १९४५ च्या 'ई-१' अनुसूचीतही तिचे नाव आहे. तथापि बीज रुजल्यापासून फुलापर्यंत ही वेल वाढताना पाहिलेले वैद्य व औषधनिर्माते थोडेच असतील.

याचा परिणाम नावांच्या गोंधळात दिसतो. महाराष्ट्रात या वेलीस कळलावी, खड्यानाग म्हणतात, आणि अनेक ठिकाणी 'बचनाग'ही म्हणतात. वास्तविक बचनाग म्हणजे वत्सनाभ. ते हिमालयातील द्रव्य असून त्याची वेल नसते आणि त्याचे विष सर्वस्वी निराळे आहे. कच्च्या मालाच्या मागणीपत्रात नुसते 'बचनाग' लिहिणे म्हणूनच धोक्याचे. वाळलेल्या कापांवरून ओळख पटविण्यापेक्षा वेल आपल्या परसात असणे आम्हांस अधिक विश्वासाचे वाटते.

आमच्या तुडील परिसरात, किंबहुना महाड-पोलादपूरच्या पट्ट्यात, कुंपणांवर व रानाच्या कडेला पावसाळ्यात ही वेल आढळते. पानाचे टोकच तणाव्यासारखे वळते व आधार पकडते. फुलाच्या सहा पाकळ्या प्रथम हिरवट-पिवळ्या असून पुढे लाल होतात; अग्निशिखा हे नाव त्यावरून आले. कंद मात्र नांगराच्या आकाराचा, दुबेळका असतो. लांगली या नावाचा उलगडा तो हातात घेतल्यावरच होतो. रानातील हा कंद खणून काढला की ती वेल संपली, कारण दरवर्षीचा कोंब त्याच्याच टोकास येतो. बियांकडे वळण्याचे हेच कारण.

बोंडे पिवळसर होऊन उकलू लागली की, साधारणतः कार्तिकात, उतरवावीत. बियांवरील तांबडा गर चोळून काढावा, बी सावलीत वाळवून कागदी पिशवीत ठेवावे आणि पिशवीवर स्थळ व तारीख लिहावी. हे बी लगेच रुजत नाही. सहा ते नऊ महिने ते सुप्त राहते. त्यामुळे कार्तिकात काढलेले बी मृगाच्या सुमारास पेरणे आपल्याकडे सहज जमते. पेरण्यापूर्वी एक रात्र पाण्यात भिजवावे. वाळू, लाल माती व कुजलेले शेणखत यांचे मिश्रण कुंडीत भरून बी बोटाच्या एका पेराइतके खोल टोचावे. सर्व बिया एकदम उगवत नाहीत. न उगवलेली कुंडी टाकून देण्याची घाई करू नये.

महाडात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. साचलेल्या पाण्याने कंद हमखास कुजतो. कुंडीच्या तळाशी विटांचे तुकडे घालावेत आणि धो-धो पावसात ती पडवीत घ्यावी.

पहिल्या वर्षी चार-सहा पानांचा नाजूक कोंब येतो व पाऊस सरला की वाळतो. झाड मेले असे समजून पाणी घालत राहणे ही नेहमीची चूक. या विश्रांतीत माती कोरडीच हवी. कंद हलवायचा झाल्यास टोकास धक्का लागू देऊ नये. टोक मोडले तर त्या बाजूचा कोंब गेला. फुलास तीन ते चार वर्षे लागतात. ज्यांना इतका धीर नाही त्यांनी लागवडीचा कंद आणावा, पण तो रानातून खणलेला नसावा.

फुलातील कुक्षिवृंत काटकोनात बाजूस वळलेला असल्याने परागकण आपोआप कुक्षीवर पडणे कठीण. तामिळनाडूत धारापुरम, मूलनूर भागातील शेतकरी बियांसाठी हिचे पीक घेतात व सकाळी हाताने परागण करतात. घरी रंगाच्या मऊ कुंचल्याने हेच काम होते. अन्यथा फुले भरपूर आणि बोंडे मोजकी, अशी स्थिती राहते.

विषाविषयी स्पष्ट लिहिणे आवश्यक आहे. कोल्चिसीन हे विष कंदात, बियांत, किंबहुना संपूर्ण वेलीत असते. कोकणात करांदे, कणगी आवडीने खाल्ली जातात. श्रीलंकेत हा कंद खाण्याचा कंद समजून शिजवल्याने मृत्यू घडल्याची नोंद आहे. काही तासांत उलट्या व अतिसार सुरू होतात, पुढे रक्तपेशी घटतात, केस गळतात. उकळल्याने विष जात नाही. अशा रुग्णास घरगुती उतारा देण्यात वेळ न दवडता तात्काळ रुग्णालयात पाठवावे. कळलावी हे नावच प्रसववेदनांवरून पडले असल्याने गर्भिणी असलेल्या घरी ही वेल देऊ नये. लहान मुले व गुरे यांपासून कुंडी दूर, जाळीआड असावी; तांबडे बी मुलांना भुलवते. कंद हाताळताना हातमोजे वापरावेत.

स्वतःच्या वेलीचा कंद औषधात घेतानाही गोमूत्रातील शोधन टळत नाही. काप एक दिवस गोमूत्रात ठेवून पाण्याने धुवावेत व वाळवावेत, आणि अशुद्ध व शुद्ध कापांच्या बरण्या वेगळ्या कपाटांत, 'लांगली' हेच नाव लिहून ठेवाव्यात.