युरोपातले युद्ध आणि रत्नागिरीचे खलाशी

३ सप्टेंबर १९३९ रोजी ब्रिटनने जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारले आणि त्याच दिवशी व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी, कोणत्याही विधिमंडळाला न विचारता, हिंदुस्थानही युद्धात उतरल्याचे जाहीर केले. त्याच्या निषेधार्थ दोन महिन्यांनी मुंबई प्रांताच्या ज्या मंत्रिमंडळाने राजीनामा दिला, त्याचे प्रमुख बाळासाहेब खेर जन्माने रत्नागिरीचेच होते. या राजकीय पेचावर पुष्कळ लिहिले गेले आहे. रत्नागिरीच्या किनाऱ्यावरील अनेक घरांना मात्र हे युद्ध भिडले ते बोटीवरच्या नोकरीतून.

जांभ्या दगडाच्या जमिनीत पावसाळी भातापलीकडे फारसे पिकत नसल्याने येथील पुरुष मुंबई गाठत, आणि ज्यांच्या घराण्यात समुद्राची सवय होती ते पी. अँड ओ.सारख्या ब्रिटिश कंपन्यांच्या जहाजांवर चढत. डेकवरील खलाशांचा मुकादम तो सारंग, त्याच्या हाताखालचा तांडेल आणि सुकाणू धरणारा सुखाणी. सारंग बहुधा आपल्याच गावची वा नात्यातली माणसे भरती करी, त्यामुळे एखादे जहाज बुडाले तर एकाच वाडीतील अनेक घरांवर घाला पडण्याचा धोका असे. १९३९ च्या सुमारास ब्रिटिश व्यापारी जहाजांवर सुमारे ५०,००० हिंदी खलाशी, म्हणजे एकूण खलाशांच्या जवळजवळ चौथा हिस्सा, काम करीत होते. त्यांना ‘लास्कर’ म्हणत. त्यांचा करारनामा वेगळा, पगार गोऱ्या खलाशांपेक्षा कितीतरी कमी आणि निजण्याची जागाही तोकडी.

युद्धाच्या पहिल्याच संध्याकाळी जर्मन पाणबुडीने आयर्लंडच्या वायव्येस ‘अथेनिया’ ही प्रवासी बोट बुडवली, तेव्हा शांततेच्या काळात केलेल्या करारावर रणांगणातली नोकरी करावी लागणार हे उघड झाले. ब्रिटनच्या बंदरांत आलेल्या हिंदी खलाशांनी पगारवाढ आणि धोक्याचा भत्ता मागून काम थांबवले. शेकडो जणांना तुरुंगात जावे लागले, तरी अखेर कंपन्यांना पगार वाढवावेच लागले. ज्या युद्धाबद्दल कोणी विचारलेही नव्हते, त्यात जिवाची रास्त किंमत मागण्यास राजद्रोह म्हणणे हा सत्तेचा सोयीस्कर तर्क होता.

पलटणीतील शिपाई पडला तर पलटणीचा इतिहास त्याची नोंद घेतो. व्यापारी खलाशाला पलटण नसते आणि बहुधा कबरही नसते. दुसऱ्या महायुद्धात बुडालेल्या सुमारे साडेसहा हजार हिंदी दर्यावर्दींची नावे, ज्यांत व्यापारी जहाजांवरचेच बहुसंख्य होते, मुंबई आणि चितगाव येथे ठेवलेल्या दोन नामावल्यांत आहेत. मुंबईची नामावली मशीद बंदरच्या खलाशीगृहात असून पहिल्या महायुद्धातील दोन हजारांहून अधिक दर्यावर्दींचे स्मारकही तेथेच आहे.