‘आउतार्केइया’ आणि ‘पुरणे’ : एपिक्यूरसच्या एका संज्ञेचा विचार

एपिक्यूरसला (इ. स. पू. ३४१–२७०) ‘सुखवादी’ म्हटले की मराठी वाचकास चार्वाकाचे स्मरण होते, तो जवाची भाकरी आणि पाणी यांवर तृप्त असे, हे कळले की तोच वाचक त्याला विरक्तांच्या मालिकेत बसवू पाहतो. दोन्ही गैरसमज पुष्कळ अंशी भाषांतरातून उद्भवतात. त्याच्या साध्या राहणीच्या विचाराचा आधार असलेली ‘आउतार्केइया’ ही संज्ञा मराठीत कोणत्या शब्दाने आणावयाची, याचा निर्णय झाल्यावाचून तो विचारही नीट हाती लागत नाही.

प्रथम ‘हेदोने’ या सुखवाचक शब्दाकडे पाहावे. ज्या ‘हेदुस’ (गोड) या विशेषणाशी तो संबद्ध आहे, ते संस्कृत ‘स्वादु’ याचे सख्खे भावंड होय. ‘हेदिस्तोस’ आणि ‘स्वादिष्ठ’ ही तमभाववाचक रूपेही एकमेकांशी तंतोतंत जुळतात. या व्युत्पत्तीला येथे विशेष महत्त्व आहे. मेनोइकेउस यास लिहिलेल्या पत्रात एपिक्यूरसचे प्रतिपादन असे की, थोडक्यात भागविण्याची सवय ही सदैव थोडक्यातच राहावे म्हणून लावून घ्यावयाची नाही. पुष्कळ नसेल त्या वेळी थोडे पुरावे, एवढ्यासाठीच ती लावून घ्यावयाची. ज्याला चैनीची गरज सर्वांत कमी, तोच तिचा उपभोग सर्वांत गोडीने घेतो; आणि हे सांगताना त्याने योजिलेले क्रियाविशेषण ‘हेदिस्ता’ हेच आहे. म्हणजे साधेपणाचे समर्थन तो त्यागाच्या भाषेत करीत नाही, स्वादाच्या भाषेत करतो.

या भूमिकेमागे त्याची सुखाची व्याख्या आहे. दुःखाचा परिहार झाला की सुखाची मर्यादा गाठली गेली. त्यानंतर सुखात प्रकार पडतात, वाढ होत नाही. भुकेल्याची भूक भाकरीने शमते, पक्वान्नाने ती अधिक शमत नाही. वासनांचे त्याने केलेले वर्गीकरण याच सूत्रावर आहे. काही वासना नैसर्गिक व आवश्यक, काही नैसर्गिक पण अनावश्यक, आणि काही केवळ पोकळ मतांतून निर्माण झालेल्या. या शेवटच्या वर्गाला मर्यादा नसते, म्हणून त्या कशानेच पुरत नाहीत.

तथापि हा दारिद्र्याचा पुरस्कार नव्हे. इ. स. पू. ३०६ च्या सुमारास अथेन्समध्ये त्याने घेतलेली सुप्रसिद्ध बाग ऐंशी मिना देऊन घेतली होती, असे डायोजेनीस लाएर्टियस नोंदवितो. साठ मिनांचा एक टॅलंट होत असे, हे ध्यानात घेता ही रक्कम लहान म्हणता येणार नाही. सिनिक पंथाच्या तत्त्वज्ञांप्रमाणे ज्ञानी पुरुषाने भिक्षेवर राहावे, हे त्याला मान्य नव्हते. काटकसरीलाही मर्यादा असते आणि ती ओळखू न शकणारा मनुष्य उधळ्याइतकाच चुकतो, असे त्याचे एक वचन १८८८ मध्ये व्हॅटिकनमधील हस्तलिखितातून उजेडात आलेल्या संग्रहात आहे. मात्र वेळ आली तेव्हा या शिकवणीची कसोटीही लागली. इ. स. पू. २९५–२९४ मध्ये देमेत्रियसने अथेन्सला वेढा घातला आणि नगरीत अन्नाचा दुष्काळ पडला. त्या काळात एपिक्यूरसने शेंगांतील दाणे मोजून आपल्या सहवासीयांत वाटले व त्यांना जगविले, असे प्लूटार्क सांगतो. दाणे मोजून वाटणाऱ्या या माणसाला विरक्त म्हणणे कठीण आहे. तो हिशेबी होता, आणि त्या हिशेबात इतरही होते.

आता मूळ संज्ञेकडे वळावयास हरकत नाही. ‘आउतार्केइया’ यातील पूर्वपद ‘आउतोस’ म्हणजे स्वतः. उत्तरपदातील ‘आर्केइन’ या क्रियापदाचा अर्थ पुरणे, पुरेसे होणे. ‘स्वयंपूर्णता’ हा प्रतिशब्द अ‍ॅरिस्टॉटलच्या ‘पॉलिटिक्स’ या ग्रंथातील नगरराज्याला शोभतो, कारण तेथे प्रश्न गरजा आपल्या आपण भागविणाऱ्या समूहाचा आहे. परंतु मित्रांवाचून सुख नाही असे मानणाऱ्या एपिक्यूरसला तो शोभत नाही. ‘संतोष’ हा शब्द मनाची अवस्था सांगतो, सामर्थ्य सांगत नाही. शिवाय ‘अल्पसंतुष्ट’ या शब्दामुळे त्याला मराठीत किंचित कमीपणाची छटा चिकटली आहे. ‘समाधान’ याचा मूळ अर्थ मन स्थिर करणे असा असल्यामुळे तो ‘आताराक्सिया’, म्हणजे चित्ताची अक्षुब्धता, यासाठी राखून ठेवणे बरे. राहता राहिले ते घरगुती ‘पुरणे’ हे क्रियापद. (गाडणे या अर्थाचे ‘पुरणे’ येथे अर्थातच अभिप्रेत नाही.) ‘पगार पुरत नाही’, ‘दोन भाकऱ्या पुरतात’ या बोलण्यात जेवढी वस्तूची मोजणी आहे, तेवढीच मागणाऱ्याचीही आहे, आणि ग्रीक क्रियापदात नेमका हाच दुहेरीपणा आहे.

अडचण भाववाचक नामाची आहे. ‘पुरेसेपणा’ जिभेवर बसत नाही. ‘पुरवठा’ हे सर्रास चालणारे नाम ‘पुरविणे’ या प्रयोजक क्रियापदावरून आलेले असल्यामुळे त्यात दुसऱ्याने आणून देण्याची कल्पना शिरते, आणि अर्थ थेट उलटा होतो. ‘आत्मपर्याप्तता’ हा शब्द अचूक आहे, पण तो परिभाषाकोशाबाहेर फारसा चालेल असे वाटत नाही. तेव्हा अनुवादकाने नामाचा हट्ट सोडून ‘आपल्याला आपल्यापुरते पुरणे’ अशी क्रियापदी रचना पत्करावी, हेच इष्ट दिसते. त्यामुळे वाक्य थोडे लांबेल. अर्थ मात्र जागचा हलणार नाही.