सामगानाच्या पोथ्या : अंक आणि कंठ

जुन्या पोथ्यांचीं बासनें सोडतांना कधीं कधीं असें एखादें पान हातीं येतें कीं, त्यावरील अक्षरें वाचतां येतात, पण शब्द लागत नाहींत. ‘अग्ने’ हा ओळखीचा शब्द तेथें ‘ओग्नाइ’ असा लिहिलेला असतो. मध्येंच ‘हाउ’, ‘औहोवा’ अशीं निरर्थक भासणारीं अक्षरें येतात. आणि अक्षरांच्या माथ्यावर १, २, ३ असे अंक मांडलेले असतात. व्याकरणाच्या संस्कारांत वाढलेल्या वाचकास हा सर्व लेखकाचा प्रमाद वाटतो. आम्हीं स्वतःच पूर्वीं अशा एका पोथीच्या टिपणांत ‘पाठ अतिशय अशुद्ध’ असा शेरा लिहून ठेविला होता. पुढें उमगलें कीं, पोथी शुद्ध होती. चूक आमच्या वाचनाची होती. ती सामगानाची पोथी होती.

सामवेदाचे आर्चिक आणि गान असे दोन भाग आहेत. आर्चिकांत ऋचा आहेत. कौथुम शाखेच्या संहितेंत त्या १८७५ असून, सुमारें ७५ सोडल्यास बाकीच्या ऋग्वेदांतही आढळतात. याच ऋचा गाण्याच्या रूपानें ज्यांत उतरल्या आहेत ते गानग्रंथ चार : ग्रामगेय, आरण्यगेय, ऊह आणि ऊह्य. ऋचेचें साम होतांना विकार, विश्लेषण, विकर्षण, अभ्यास, विराम व स्तोभ असे सहा संस्कार घडतात. ‘अग्ने’चें ‘ओग्नाइ’ होणें हा विकार, आणि ‘हाउ’ वगैरे अक्षरें हे स्तोभ होत. म्हणजे ज्यास आम्ही अपपाठ समजलों, तेंच गानाचें अंग होय.

आतां अंकांविषयीं. सामगांचे स्वर क्रुष्ट, प्रथम, द्वितीय, तृतीय, चतुर्थ, मंद्र व अतिस्वार्य असे सात मानितात. नारदीय शिक्षेच्या मतें सामगांचा प्रथम तो वेणूचा मध्यम, द्वितीय तो गांधार, तृतीय तो ऋषभ व चतुर्थ तो षड्ज. म्हणजे ही गणना वरून खालीं उतरते. हीच शिक्षा लांकडाच्या वीणेबरोबर दुसरी एक ‘गात्रवीणा’ सांगते. ती म्हणजे गाणाराचा हात; अंगठा बोटांच्या पेरांवर फिरवून स्वर दाखविले जातात. दक्षिणेकडील जैमिनीय पोथ्यांत मात्र अंकांच्या जागीं अक्षरांच्या खुणा येतात. या अक्षरखुणांकडे बर्नेल यानें १८७६ सालींच विद्वानांचें लक्ष वेधिलें होतें.

परंतु अंक कळला म्हणजे गान कळलें असें नाहीं. एकच अंक एका परंपरेंत एका स्वरसमूहानें, तर दुसरींत निराळ्याच वळणानें गाइला जातो. ज्यानें तें साम गुरुमुखानें ऐकिलें आहे, त्याच्या स्मृतीस अंक आधार देतो. ज्यानें ऐकिलें नाहीं, त्यास तो फारसें कांहीं सांगत नाहीं.

युरोपांतील ख्रिस्ती मठांच्या गायनाचा इतिहास येथें ताडून पाहण्याजोगा आहे. सातव्या शतकांत सेव्हिलच्या इसिदोरानें म्हटलें होतें कीं, ध्वनि लिहितां येत नाहींत, म्हणून ते स्मृतींत न राहिल्यास नष्ट होतात. पुढें शब्दांवर ‘न्यूम’ नांवाच्या खुणा येऊं लागल्या. स्वित्झर्लंडमधील सेंट गालेनच्या ग्रंथालयांत दहाव्या शतकाच्या आरंभींची अशी पोथी (क्रमांक ३५९) आहे. तींतील खुणा आवाज चढतो कीं उतरतो हें दाखवितात. किती, तें दाखवीत नाहींत. ही उणीव अकराव्या शतकाच्या पूर्वार्धांत आरेझोच्या ग्वीदोनें रेघांच्या योजनेनें भरून काढिली. त्याच्या नांवानें प्रसिद्ध असलेला ‘हात’, ज्यांत बोटांच्या पेरांवर स्वर मांडले आहेत, पाहतांच गात्रवीणेची आठवण होते. तथापि रेघा आल्या तरी जुनी गायकी पालटत गेली, आणि एकोणिसाव्या शतकांत फ्रान्समधील सोलेमच्या मठवासीयांस पोथ्या ताडून ती पुन्हां जुळवावी लागली. त्यांनीं १८८९ पासून अशा पोथ्यांच्या छायाप्रती प्रसिद्ध केल्या. पण त्या गायनाच्या लयीविषयीं अद्यापि एकमत नाहीं. पोथ्या उरल्या, कंठ उरला नाहीं, त्याचें हें फळ.

आपल्याकडे सुदैवानें कंठ अजून आहे. केरळांत पांजाळ येथें १९७५ सालीं झालेल्या अग्निचयनाच्या वेळीं नंबूतिरी सामगांचें गान ध्वनिमुद्रित झालें. वेन हॉवर्ड यांचा सामगानावरील ग्रंथ १९७७ सालीं निघाला. आणि वेदपठनाच्या परंपरेस युनेस्कोनें २००३ सालीं मान्यता दिली. परंतु नंबूतिरींच्या जैमिनीय परंपरेचे गायक अगदींच थोडे आहेत, आणि मान्यतेनें शिष्य निर्माण होत नाहींत.

म्हणून संग्राहकांस आमची विनंती एवढीच : अशी पोथी मिळाल्यास शाखा, ग्रंथाचें नांव आणि स्वरखुणांचा प्रकार सूचींत अवश्य नोंदवावा, नक्कल करितांना अंक गाळूं नयेत, स्तोभ ‘शुद्ध’ करूं नयेत. आणि त्या शाखेचा गाणारा हयात असेल, तर पोथी त्याच्यापुढें ठेवून त्याचें गान मुद्रित करावें व तें मुद्रण पोथीबरोबरच जतन करावें. आमच्या हातून त्या पोथीच्या बाबतींत हें घडलें नाहीं. इतरांच्या हातून घडावें, एवढ्यासाठींच हा लेखप्रपंच.