शाळेचं पदक की संघटनेची निवड? तलवारबाजीत परदेशी स्पर्धेपर्यंत पोरं पोहोचतात कशी, समजून घ्या

“पोरीनं शालेय तलवारबाजीत जिल्ह्यात पहिला नंबर काढला. आता ती परदेशात खेळायला कधी जाणार?” वैजापूर, गंगापूर, कन्नड, पैठण, कुठल्याही तालुक्यात पालकांशी बोला, हा प्रश्न हमखास येतो. विचारण्यात काही चूक नाही. पण उत्तर नीट कुणी सांगत नाही, आणि त्यामुळे चांगल्या खेळाडूंची दोन-दोन वर्षं वाया जातात. काही ठिकाणी तर पैसेही जातात.

म्हणून हा सगळा रस्ता पहिल्या पायरीपासून सांगतो.

आधी खेळ कोणता ते बघू

आपल्याकडं तलवार म्हटलं की दांडपट्टा आणि मर्दानी खेळ आठवतात. ती आपली परंपरा आहे, पण ऑलिम्पिकमधली तलवारबाजी हा वेगळा खेळ आहे. त्यात तीन हत्यारं असतात. फॉइलमध्ये फक्त धडावर टोक टेकवायचं. इपीमध्ये डोक्यापासून पायापर्यंत कुठंही टोक लागलं तरी गुण मिळतो. सेबरमध्ये कमरेच्या वरच्या भागावर टोकानं किंवा पात्याच्या धारेनं वार चालतो. लढत १४ मीटर लांबीच्या पट्टीवर होते. तिला पिस्ट म्हणतात. वार लागला की यंत्राचा दिवा लागतो.

हत्यारं तीन, मुलं आणि मुली वेगळे, म्हणजे वैयक्तिक प्रकार झाले सहा. प्रत्येक प्रकाराची निवड स्वतंत्र होते. फॉइलमध्ये चमकलेला पोरगा इपीच्या संघात आपोआप जात नाही.

शिड्या दोन आहेत, गोंधळ इथंच होतो

पहिली शिडी शाळेची. जिल्हा, विभाग, राज्य आणि मग राष्ट्रीय शालेय स्पर्धा. वयोगट १४, १७ आणि १९ वर्षांखालील. ही शिडी क्रीडा खात्याच्या देखरेखीखाली चालते, आपलं काम जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयाशी असतं. दहावी-बारावीचे सवलतीचे क्रीडा गुण म्हटले की बहुतेकांना हीच शिडी आठवते.

दुसरी शिडी संघटनेची. जिल्हा तलवारबाजी संघटना, राज्य संघटना आणि वर भारतीय तलवारबाजी महासंघ. इथले महत्त्वाचे गट म्हणजे सब-ज्युनिअर, कॅडेट म्हणजे १७ वर्षांखालील आणि ज्युनिअर म्हणजे २० वर्षांखालील. आशियाई आणि जागतिक कॅडेट-ज्युनिअर अजिंक्यपद स्पर्धांना जाणारा भारतीय संघ या शिडीवरून निवडला जातो.

आता फरक लक्षात आला असेल. शालेय स्पर्धेत १९ वर्षांखालील गटात सोनं मिळवलं तरी जागतिक स्पर्धेत असा गटच नाही. शालेय खेळांची आंतरराष्ट्रीय संघटना वेगळी आणि तिच्या स्पर्धाही वेगळ्या. शाळेची स्पर्धा खेळू नये असं अजिबात नाही. ती खेळावीच, सराव होतो, गुणही मिळतात. पण नुसती तीच खेळत बसलं तर परदेशी स्पर्धेचं दार उघडत नाही. जिल्हा संघटनेकडं नोंदणी आणि तिच्या निवड स्पर्धेत सहभाग, ही खरी पहिली पायरी.

वयाचा हिशेब कसा करतात

जागतिक महासंघाचं, म्हणजे एफआयईचं मुख्यालय स्वित्झर्लंडमधल्या लोझान शहरात आहे. त्यांच्या नियमात वय मोजतात ते वर्षावर. ज्या वर्षी स्पर्धा आहे, त्याच्या आदल्या वर्षीच्या ३१ डिसेंबरला १७ पूर्ण झालेले नसले तर खेळाडू कॅडेट, २० पूर्ण झालेले नसले तर ज्युनिअर. शिवाय स्पर्धेच्या वर्षी १ जानेवारीला किमान १३ वर्षं पूर्ण पाहिजेत.

समजा, एका मुलीचा जन्म २०११ च्या ऑगस्टमधला आहे. ती २०२५ पासून कॅडेट गटात खेळू शकते आणि २०२८ हे तिचं शेवटचं कॅडेट वर्ष. म्हणजे हातात चारच हंगाम. त्यानंतर २०३१ पर्यंत ज्युनिअर. निवड झाली तर कॅडेट वयाची मुलगी ज्युनिअर गटातही उतरू शकते. पण उलटं चालत नाही, वय गेलं की गेलं.

इथं कागदाचा प्रश्न येतो. आपल्याकडं शाळेत नाव घालताना गुरुजींनी १ जून तारीख लावून टाकली, असं कितीतरी घरांत झालेलं आहे. जन्म दाखल्यावर एक तारीख, शाळेच्या दाखल्यावर दुसरी आणि आधारवर तिसरी असेल तर पुढं अडचण ठरलेलीच. निवड झाल्यावर दुरुस्तीला धावाधाव करण्यापेक्षा पोरगं सातवी-आठवीत असतानाच हे काम उरकून टाकावं.

जिल्ह्यातून देशाच्या संघापर्यंत

जिल्हा निवड स्पर्धेतून खेळाडू राज्य स्पर्धेला जातात. राज्य स्पर्धेतून प्रत्येक हत्यारासाठी ठरावीक खेळाडू महाराष्ट्राच्या संघात येतात. सांघिक लढतीत तीन खेळाडू आणि एक राखीव असतो. हा संघ कॅडेट किंवा ज्युनिअर राष्ट्रीय स्पर्धेत उतरतो.

त्याच्या पुढं देशाची निवड. राष्ट्रीय स्पर्धेतली कामगिरी, मानांकन, निवड चाचणी, यांतलं काय आणि किती धरायचं ते महासंघ परिपत्रक काढून कळवतो. त्यामुळं मागच्या वर्षीच्या ऐकीव माहितीवर राहू नका, चालू हंगामाचं परिपत्रक प्रशिक्षकाकडून मागून घ्या आणि स्वतः वाचा.

जागतिक कॅडेट-ज्युनिअर स्पर्धेबद्दल एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. तिथं जाण्यासाठी परदेशात वेगळी पात्रता स्पर्धा जिंकावी लागत नाही. प्रत्येक देशाला प्रत्येक प्रकारात ठरावीक जागा असतात आणि त्या कुणाला द्यायच्या ते त्या देशाचा महासंघ ठरवतो. म्हणजे खरी चाळणी आपल्या देशातच लागते. राष्ट्रीय स्पर्धेत पहिल्या काही जणांत येणं, हाच परदेशाचा रस्ता.

युवा ऑलिम्पिकचं मात्र वेगळं आहे. तिथं जागा अगदी मोजक्या असतात आणि पात्रतेसाठी जागतिक कॅडेट स्पर्धेतली कामगिरी बघितली जाते. तलवारबाजी २०१० च्या पहिल्या, सिंगापूरच्या युवा ऑलिम्पिकपासून त्यात आहे.

तारखाही लक्षात ठेवा. जागतिक कॅडेट-ज्युनिअर स्पर्धा साधारण एप्रिलमध्ये असते. २०२३ ला बल्गेरियातल्या प्लोवदिवला, २०२४ ला रियाधला आणि २०२५ ला चीनमधल्या वुशीला झाली. आशियाई स्पर्धा बहुतेक त्याच्या आधी, फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास येते. म्हणजे नेमकी दहावी-बारावीच्या परीक्षेची वेळ. या वर्षात काय करायचं, ते घरात आणि शाळेत आधीच बोलून ठरवलेलं बरं.

हरलेल्या लढतीतला गुणही कामाला येतो

स्पर्धेची पद्धत पालकांनीही समजून घ्यावी, म्हणजे पोरांना उगीच बोलणी बसत नाहीत. आधी पूल असतो. सहा-सात जणांचा गट, प्रत्येकाची प्रत्येकाशी लढत, वेळ तीन मिनिटं, पाच गुण आधी करील तो जिंकला. पुलाच्या निकालावरून सगळ्यांचा क्रम लागतो, तळातले काही बाहेर जातात आणि उरलेल्यांची बाद फेरी होते. बाद फेरीची लढत १५ गुणांची.

क्रम लावताना आधी जिंकलेल्या लढतींचं प्रमाण बघतात. ते सारखं असेल तर केलेले गुण वजा खाल्लेले गुण. समजा, दोघींनी पाचपैकी तीन लढती ५-३ अशा जिंकल्या. पहिली दोन लढती ४-५ अशा हरली, दुसरी १-५ अशा. पहिलीचा फरक अधिक ४ येतो, दुसरीचा उणे २. विजय सारखेच, पण पहिली वरच्या क्रमांकावर जाते आणि बाद फेरीत तिला तुलनेनं सोपी प्रतिस्पर्धी मिळते. म्हणून लढत हातातून गेली तरी शेवटच्या गुणापर्यंत झुंजायचं असतं.

निवड झाली, आता पुढं काय

लायसन्स : एफआयईच्या स्पर्धेत खेळायला त्यांचं चालू हंगामाचं लायसन्स लागतं. ते आपल्याला परस्पर काढता येत नाही, राष्ट्रीय महासंघामार्फतच निघतं. स्पर्धेची प्रवेशिकाही महासंघच पाठवतो.

पासपोर्ट : १८ वर्षांखालील मुलांचा पासपोर्ट साधारण पाच वर्षांचा किंवा १८ पूर्ण होईपर्यंतचा असतो. अनेक देश प्रवासाच्या वेळी किमान सहा महिन्यांची मुदत शिल्लक मागतात. राष्ट्रीय स्पर्धेपर्यंत पोहोचलेल्या प्रत्येक मुलाचा पासपोर्ट तयार असावा. नावाचं इंग्रजी स्पेलिंग सगळ्या कागदांवर एकच ठेवा.

साहित्य : गावाकडं सरावाला वापरतो तो पोशाख एफआयईच्या स्पर्धेत चालेलच असं नाही. तिथं जॅकेट आणि पँट ८०० न्यूटनची, मास्क १६०० न्यूटनचा आणि त्यावर एफआयईची खूण लागते. मुलींना छातीचं कवच सक्तीचं आहे. स्पर्धेआधी हत्यारांची तपासणी होते. पिस्टवर एक तलवार बंद पडली तर लगेच दुसरी हातात हवी, म्हणून जोडीनं साहित्य न्यावं लागतं. खर्चाचा मोठा भाग इथंच जातो.

औषधं : खेळाडूची उत्तेजक चाचणी होऊ शकते. त्यामुळं सर्दी-खोकल्याचं औषध, ताकदीची पावडर किंवा कुणी दिलेली पुडी डॉक्टरला न विचारता घ्यायची नाही. मी खेळाडू आहे, असं डॉक्टरला आधी सांगायचं.

वेळ : ऑलिम्पिकमध्ये खेळलेली पहिली भारतीय तलवारबाज सी. ए. भवानी देवी हिचं उदाहरण पोरांना जरूर सांगा. चौदाव्या वर्षी तुर्कस्तानात पहिल्याच आंतरराष्ट्रीय स्पर्धेत ती तीन मिनिटं उशिरा पोहोचली आणि काळं कार्ड मिळून स्पर्धेबाहेर गेली. चेन्नईच्या या मुलीनं २००४ मध्ये शाळेत खेळ सुरू केला, सरावाला सुरुवातीला बांबूच्या काठ्याही वापरल्या. पुढं केरळातल्या थलश्शेरीच्या ‘साई’ केंद्रात प्रशिक्षक सागर लागू यांच्याकडं ती शिकली. टोकियोत तिनं पहिली लढत १५-३ अशी जिंकली, आणि २०२३ मध्ये वुशीला आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत कांस्यपदक घेतलं. त्या तीन मिनिटांनी ती थांबली नाही, पण ती स्पर्धा मात्र गेलीच.

पैशाचं काय?

खरं सांगायचं तर इथंच बऱ्याच शेतकरी घरांची गाडी अडते. परदेश दौऱ्याचा खर्च प्रत्येक वेळी सरकार किंवा महासंघ उचलतोच असं नाही, काही खेळाडू स्वखर्चानं जातात. कापसाचे पैसे हातात यायच्या आत तिकिटाची रक्कम भरायची वेळ येते. म्हणून निवडीचं पत्र हातात आलं की पहिला प्रश्न हाच विचारा : खर्च कुणाचा, आणि काय-काय त्यात धरलंय?

आधाराच्या जागाही आहेत. खेलो इंडियासाठी निवड झालेल्या खेळाडूला दरमहा १०,००० रुपये खर्चासाठी मिळतात. छत्रपती संभाजीनगरला ‘साई’चं केंद्र आहे आणि तिथं तलवारबाजी शिकवली जाते. आपल्या तालुक्यातल्या पोरांसाठी ही जवळची मोठी सोय आहे. राज्य सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. मात्र त्यासाठी प्रमाणपत्राची क्रीडा खात्याकडून पडताळणी होते आणि स्पर्धा मान्यताप्राप्त असावी लागते.

बनावट ‘इंटरनॅशनल’पासून सावध

हे शेवटचं, पण सगळ्यात महत्त्वाचं. एखादी खासगी संस्था शेजारच्या देशात स्पर्धा भरवते, नावात ‘इंटरनॅशनल’ घालते आणि पालकांकडून पैसे घेऊन पोरांना नेते. असे प्रकार वेगवेगळ्या खेळांत होतात. पदक मिळतं, गावात बॅनर लागतो, मिरवणूक निघते. पुढं नोकरीच्या वेळी प्रमाणपत्र पडताळणीला गेलं की ते चालत नाही.

पैसे देण्याआधी चारच गोष्टी तपासा. स्पर्धा एफआयईच्या किंवा आशियाई महासंघाच्या अधिकृत वेळापत्रकात आहे का? प्रवेशिका भारतीय महासंघामार्फत जाते का? एफआयईचं लायसन्स मागितलंय का? निवडीचं पत्र महासंघाचं आहे का? एकाचंही उत्तर ‘नाही’ आलं तर खिशात हात घालू नका. आधी जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात जाऊन विचारा. विचारायला पैसे लागत नाहीत.

कॅडेटचे हंगाम चारच असतात. त्यातला एक चुकीच्या दारात उभं राहून घालवला तर तो परत मिळत नाही. ज्यांच्या घरात आज पाचवी-सहावीतलं पोरगं काठी फिरवतंय, त्यांनी या आठवड्यात दोन कामं करावीत : जिल्हा संघटनेत नाव नोंदवावं आणि जन्म दाखला काढून बघावा.