कामाच्या धबडग्यात मनाला विसावा

सातारा जिल्ह्यातील माण-खटाव असो वा सांगली जिल्ह्यातील जत-आटपाडी, या अवर्षणप्रवण भागातील मातेचा दिवस पहाटेच सुरू होतो. पाणी, चूल, गुरे, मुलांची शाळा आणि शेतमजुरी या रहाटगाडग्यात हात एका कामात, तर मन पुढच्या कामात गुंतलेले असते. त्यामुळे शरीराबरोबर मनही थकते.

चालू क्षणाकडे शांतपणे लक्ष देणे म्हणजे सजगता. विपश्यना साधनेचा ती पाया होय. इगतपुरीच्या धम्मगिरी केंद्रात १९७६ पासून दहा दिवसांची शिबिरे भरतात. तान्ह्या मुलाच्या आईला मात्र दहा दिवस घर सोडणे शक्य नसते. तिने हातातील कामातच हा अभ्यास करावा. भाकरी थापताना पिठाचा स्पर्श व तव्याची धग जाणून घ्यावी. बाळाला पाजताना स्वतःच्या श्वासाकडे लक्ष ठेवावे. मन भरकटल्यास स्वतःला दोष न देता ते परत आणावे. आरंभी पाच मिनिटेही पुरेत. पूर्वी जात्यावर ओव्या गाताना हात, श्वास आणि शब्द एका लयीत येत. असा विसावा या मातीला नवा नाही.

तथापि, सजगतेने कामाचा भार हलका होत नाही. तो घरातील सर्वांनी वाटून घेतला पाहिजे. बाळंतपणानंतर दोन आठवड्यांहून अधिक काळ उदासीनता राहिल्यास प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवावे. २०२२ मध्ये सुरू झालेल्या ‘टेलि-मानस’ सेवेच्या १४४१६ या क्रमांकावरही विनामूल्य सल्ला मिळतो. मातेचे मनःस्वास्थ्य ही साऱ्या कुटुंबाची जबाबदारी होय.