जमाव आणि अपराध

कारखान्याच्या फाटकाशी दोनशे माणसे उभी आहेत. घोषणा चालल्या आहेत. इतक्यात मागून कोणी एक दगड भिरकावतो आणि आतल्या माणसाचे डोके फुटते. दगड मारणारा एक. पण गुन्हेगार किती? एक, पाच, की दोनशे?

फौजदारी कायद्याचा अभ्यास म्हणजे कलमांचे पाठांतर, असा पुष्कळांचा समज असतो. आम्ही कॉलेजात कायदा शिकलो नाही. ज्यांच्यावर खटले झाले त्यांच्यासाठी वकिलांच्या दारी बसता बसता जे उमजले तेवढेच आमच्यापाशी आहे. पण वरील एका प्रश्नाचा नीट छडा लावला, तर या शास्त्राचे मर्म हाती येते, असा आमचा अनुभव आहे.

मूळ तत्त्व साधे आहे. ज्याची कृती आणि ज्याचे दुष्ट मन, त्यालाच शिक्षा. बापाच्या अपराधासाठी मुलाला किंवा शेजाऱ्यासाठी शेजाऱ्याला फाशी देता येत नाही. परंतु माणसे मिळूनही गुन्हे करतात. एक दार धरतो, दुसरा सुरा चालवतो. अशा वेळी दार धरणारा सुटू नये म्हणून १८६० च्या दंडसंहितेने दोन वाटा ठेवल्या.

पहिली वाट ३४ व्या कलमाची. सर्वांचा इरादा एक असेल आणि तो पार पाडण्यासाठी कृत्य घडले असेल, तर ते प्रत्येकाने एकट्याने केल्यासारखे मानायचे. १९२३ साली कलकत्त्यातील एका पोस्ट ऑफिसात दरोडेखोरांनी पोस्टमास्तरांना गोळ्या घातल्या. ‘मी बाहेर अंगणात उभा होतो’, असे बरेंद्रकुमार घोष याचे म्हणणे होते. प्रिव्ही कौन्सिलने ते मान्य केले नाही. कटात सामील होऊन पहारा करणे हाही कृत्याचाच भाग ठरला. उलट १९४५ साली महबूब शहाच्या खटल्यात त्याच न्यायपीठाने खुनाची शिक्षा रद्द केली. सिंधू नदीकाठच्या बोरूवरून भांडण झाले, दोघे बंदुका घेऊन धावले, एकाच्या गोळीने माणूस मेला. दुसऱ्याच्या मनातही तसेच काही असेल. पण दोघांचा आधी जुळलेला बेत होता याचा पुरावा नव्हता. सारखा इरादा निराळा आणि समाईक इरादा निराळा, हा भेद तेथे पक्का झाला.

दुसरी वाट १४९ व्या कलमाची, आणि ती अधिक रुंद आहे. पाच किंवा अधिक माणसांचा बेकायदेशीर जमाव असला आणि त्याच्या समाईक उद्दिष्टासाठी कोणीही गुन्हा केला, किंवा असा गुन्हा घडण्याचा संभव आहे हे सभासदांना ठाऊक असले, तर प्रत्येक सभासद दोषी. हात उचललाच पाहिजे असे नाही. मग कुतूहलाने थांबलेल्याचे काय? नुसते हजर असणे पुरेसे नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९५६ साली बलादीन खटल्यात म्हटले. १९६४ साली मसालती खटल्यात त्याचा खुलासा झाला: सभासदत्व सिद्ध झाले, तर स्वतंत्र कृतीची गरज नाही. मात्र पुष्कळ आरोपी असतील तेथे एकट्यादुकट्या साक्षीवर विसंबू नये, अनेक साक्षीदारांचे सुसंगत कथन पाहावे, ही सावधगिरी रास्त ठरवली गेली.

हा भेद वकिलांच्या करमणुकीचा नाही. २०१२ साली हरियाणातील मानेसरच्या मोटार कारखान्यात हिंसाचार होऊन एका अधिकाऱ्याचा मृत्यू झाला. १४८ कामगारांवर खटला चालला. मार्च २०१७ मध्ये निकाल लागला तेव्हा ३१ दोषी ठरले, त्यांतील १३ जणांना जन्मठेप झाली. ११७ निर्दोष सुटले. सुटलेल्यांपैकी अनेकांची वर्षे त्यापूर्वीच कच्च्या कैदेत गेली होती. एक माणूस जिवानिशी गेला, हे दुःख आम्ही लहान मानत नाही. पण त्या ११७ जणांची वर्षे कोणी परत द्यायची?

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. जुनी ३४ आणि १४९ ही कलमे क्रमांक बदलून तीत आली आहेत. शिवाय १०३ व्या कलमात नवी भर पडली: वंश, जात, भाषा, जन्मस्थान, श्रद्धा अशा कारणांवरून पाच किंवा अधिक जणांनी मिळून खून केला, तर प्रत्येकाला मृत्युदंड किंवा जन्मठेप. धर्माचे नाव स्पष्ट का घातले नाही, यावर वाद आहे. ठेचून मारणाऱ्या जमावाला शिक्षा हवीच, याविषयी आमच्या मनात संदेह नाही. जमावात लपून कोणी खून पचवता कामा नये.

पण जे हत्यार खुनी जमावावर चालते, तेच फाटकावरच्या सभेवरही चालू शकते. म्हणून प्रत्येक आरोपीबाबत तीन गोष्टी वेगवेगळ्या विचाराव्यात: हा तेथे होता काय? जमावाचा सभासद म्हणून होता काय? आणि जे घडले ते त्याला अभिप्रेत किंवा ठाऊक होते काय? यांतले एकही उत्तर ‘गर्दीत सापडला’ एवढ्यावर भागवू नये. गर्दीला चेहरा नसतो, हे पोलिसांनी म्हणावे. न्यायाने म्हणू नये. त्याला माणसागणिक एकेक चेहरा पाहावाच लागतो.